उतरवलेली बाही

पुणे,
६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

जय भीम. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉल लावला की तू नुसती हसत बसतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. बातमी मोठी आहे. मुंबईच्या फॅशन शोमध्ये माझी निवड झाली! बावीस फेब्रुवारीला तीस कपडे दाखवायचेत. लहानपणी मी बाहुल्यांना चिंध्या नेसवायचे तेव्हा तू म्हणायचीस, "ही पोरगी चिंध्या विकून पोट भरणार." घे, तुझे शब्द खरे झाले.

आता विषय ऐक. डिसेंबरात घर रंगवायला काढलं तेव्हा बाबांची पत्र्याची पेटी उघडली. आत एक फोटो सापडला. गिरणीच्या गेटसमोर बाबा उभे आहेत, चोवीस वर्षांचे. शर्टाला उजवी बाहीच नाही. खांद्यापासून कोपरापर्यंत रक्त आलंय आणि बाबा मान ताठ ठेवून समोर बघतायत. मागे पेनाने लिहिलंय, "सांडू, गेटवर, संपाचा एकविसावा दिवस." फोटोखाली तोच शर्ट, धुऊन घडी घातलेला.

बाबांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नसत, ते डाव्या हाताने जेवायचे. विचारलं की एवढंच म्हणायचे, "संपात झालं." लाठीचा मार असणार, हे आम्ही न सांगता धरून चाललो. पण ते असे उभे राहिले होते, हे मला कधी कळलंच नाही. मी तो फोटो घेऊन तासभर रडले.

त्या शर्टावरूनच सगळं केलंय. नाव ठेवलंय 'उठाव'. तीसही कपड्यांना उजवी बाही नाही आणि खांद्यापासून खाली लाल दोऱ्याचं भरतकाम. शिवायला शेंद्र्याजवळ गोकुळभाऊंच्या युनिटमध्ये टाकलंय, तिथे तुमच्या करमाडच्या पुष्कळ बायका आहेत. तुझ्या गावच्या बायका तुझ्याच भावाचा शर्ट शिवणार, बोल! मला त्या संपाचं सगळं लिही. कोण मारत होतं, कोण मार खात होतं, काही गाळू नकोस.

तुझी,
अमृता

---

करमाड,
१३ जानेवारी २०२५

चि. अमूला आत्याचा जय भीम.

चष्म्याची काडी मोडलीय, ती दोऱ्यानं बांधून तुझं पत्र वाचलं. एका बाहीचा कपडा! निम्मं शिवून पुऱ्याचे पैसे घेणारा शिंपी मी जन्मात पाहिला नव्हता, तो आमच्याच घरात निघाला.

संपाचं विचारतेस तर लिहिते. मी बॉबिन भरायच्या खात्यात होते, सांडू साच्यावर, म्हणजे मागावर. पण तो बदली होता. बदलीवाल्यानं रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाही तर घरी. अशी त्यानं चार वर्षं काढली. साच्यांच्या आवाजानं माझे कान हळूहळू खाल्ले, तुझ्या बापाची उमेद तशीच त्या गेटनं खाल्ली.

चौऱ्याऐंशी साली एका साच्यातून धोटा उडाला आणि मालनबाईचा डोळा फुटला. धोटा म्हणजे हातभर लांब लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. मॅनेजर म्हणाला, बाईच मधे आली. त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो ते आत गेलोच नाही. सतराव्या दिवशी दोन ट्रक भरून भाड्याचे गुंड आले, त्यांच्या हातात सळया. पुंजाराम आमचा पुढारी. तो हात वर करून म्हणाला, "बोलू या की, मारता कशापायी?" एकानं गिरणीतून आणलेला धोटा त्याच्या कानशिलात घातला. डोकं फुटतं तेव्हा आवाज येतो, अमू. तेव्हा मला थोडं ऐकू यायचं, आणि मी ऐकलेल्या शेवटच्या आवाजांतला तो एक आहे. पुंजाराम दोन दिवसांनी गेला.

आम्ही काही साधुसंत नव्हतो. पळताना त्यांच्यातला एक पडला, त्याचे गुडघे आम्ही दगडांनी ठेचले. दोन दगड माझे होते. तो आईला हाका मारत होता. हे छापशील का तुझ्या कपड्यावर?

सांडूच्या बाहीचं मात्र मला विचारू नकोस. शर्टाला दोन बाह्या असतात, तूही दोन लाव.

आत्या

---

पुणे,
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून अंगावर काटा आला. मी लगेच चित्रं काढायला बसले. धोट्याची लोखंडी टोपणं खांद्यावर लावतेय, दोन्ही बाजूंना, टोकदार. आणि लाल भरतकाम आता कानाजवळून सुरू करणार, पुंजारामसाठी. इतकं जबरदस्त काहीतरी माझ्याच घरात होतं आणि मी चार वर्षं परदेशी मासिकं चाळत बसले!

पण एक गोष्ट सांग. तू म्हणालीस विचारू नकोस, तरी विचारते, कारण माझा धंदाच शिवणी बघायचा आहे. बाबांचा शर्ट मी टेबलावर पसरून भिंगाखाली पाहिला. बाही फाटलेली नाही. खांद्याच्या शिवणीवरून, एकेक टाका उसवत कापलीय. अगदी शेवटी, काखेजवळ, पातं शिवण सोडून कापडातून खोल गेलंय. लाठीने असं होत नाही. हे सावकाश, जवळ उभं राहून कुणीतरी केलंय. कुणी?

गोकुळभाऊंकडे थोडी कुरकुर चालू आहे म्हणे, उशिरापर्यंत थांबावं लागतं म्हणून. ऑर्डरच्या वेळी होतंच असं. तुझ्या कानावर आलं तर मनावर घेऊ नकोस. कानावर म्हणजे आपलं बोलायची पद्धत, चिडू नकोस.

तुझी,
अमृता

---

करमाड,
२९ जानेवारी २०२५

अमू,

तुझा डोळा तुझ्या बापाचा आहे. कापडातली चूक त्यालाही लांबून दिसायची. टाक्यापर्यंत पोचलीच आहेस तर ऐक, पण खाली बसून वाच.

आमच्या गिरणीत एक रीत होती. संप चालू असताना कुणी चोरून कामावर गेला, तर त्याला गेटवर धरायचं आणि त्याच्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून काढायची. याला बाही उतरवणं म्हणायचे. तसंच त्यानं वस्तीतून घरी जायचं. त्याला कुणी पाणी द्यायचं नाही, तंबाखू द्यायची नाही, हाक मारायची नाही. पण एकदा बाही उतरली की त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, हाही नियमच होता. आणि माफ करायचं झालं, तर ज्यानं बाही उतरवली त्यानंच ती परत टाचायची. दुसऱ्यानं टाचलेली चालत नसे, बायकोनंही नाही.

तुझा बाप संपात लढला नाही, अमू. तो फितूर झाला होता.

पुंजाराम जाऊन दोन दिवस झाले होते. मॅनेजरनं बदलीवाल्यांना निरोप धाडला, आत येईल त्याला कायम करतो. पहाटे सांडू मागच्या भिंतीवरून आत गेला. दुपारी तीनला भोंगा झाला तेव्हा बाकीचे मागून पळाले आणि हा शहाणा समोरच्या गेटनं चालत बाहेर आला. बाहेर आम्ही तीनशे जण होतो. रुळांवरून आणलेले दगड प्रत्येकाच्या हातात. मालनबाई एका डोळ्याला पट्टी बांधून ओरडत होती, "ठेचा त्याला, ठेचा!" पहिला दगड त्याच्या गुडघ्यावर बसला. मी मधे पडले. म्हटलं, "माझा भाऊ हाय. म्याच उतरवते."

सूत कापायचं पातं प्रत्येकीच्या कमरेला असायचं. सांडूनं स्वतःच हात पुढं केला. "आक्का, सावकाश," एवढंच म्हणाला. मी एकेक टाका कापत गेले. काखेपाशी आले तेव्हा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला पुंजारामचं फुटलेलं डोकं दिसलं. पातं आत गेलं, हाडाला लागेपर्यंत.

लोकांना मी सांगितलं, हात थरथरला. डॉक्टरला, तुझ्या आजीला, सगळ्यांना तेच सांगत आले. थरथरला नव्हता.

पुढं दर चौदा एप्रिलला तो कापडी पिशवीत शर्ट घेऊन माझ्याकडं यायचा. ओट्यावर शर्ट ठेवायचा, दिवसभर बसायचा आणि संध्याकाळी उचलून न्यायचा. चोवीस वेळा आला. तू लहान होतीस तेव्हा तुलाही आणायचा. तुला मी खाऊ द्यायचे, त्याला पाणीसुद्धा नाही. बाही माझ्या गोधडीच्या आत शिवून ठेवलेली आहे. तो गेला त्या दिवशीही मी ती काढली नाही.

सध्या दिवसभर मी बाहेर असते. कुठं ते विचारू नकोस.

आत्या

---

पुणे,
४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

ती पिशवी मला आठवते. मला वाटायचं, बाबांनी तुझ्यासाठी काहीतरी आणलंय आणि तू मानी आहेस म्हणून घेत नाहीस. डाव्या हाताने भात कालवताना त्यांची सांडासांड व्हायची आणि मी हसायचे. चोवीस वर्षं, आत्या! दगडाला पाझर फुटतो म्हणतात. तू दगडाच्याही पलीकडची निघालीस.

शोमध्ये कपड्यांसोबत जे कार्ड द्यायचंय, त्यावरचा मजकूर मी बदलणार नाही. 'लढणाऱ्या कामगाराचा शर्ट' असंच छापलं जाईल. फितुराचा शर्ट कुणी विकत घेत नाही.

आणि मीही आता लपवत नाही. युनिटमधल्या बायका पंचवीस तारखेपासून गेटबाहेर बसल्या आहेत. कुणी सरिता म्हणून आहे, लाल भरतकाम हळू करते म्हणून इन-चार्जने तिच्या तोंडावर लोखंडी पट्टी मारली. वाईट झालं. मी गोकुळभाऊंना तसं बोलले. पण अकरा कपडे अर्धे पडलेत आणि बावीस तारीख काही पुढे सरकणार नाही. दहा तारखेला सकाळी देवगाव रंगारीहून बारा बायका टेम्पोने आणायच्या ठरल्यात. पुढच्या सीटवर मी बसणार आहे. बाबा कायम होण्यासाठी आत गेले. मीही सहा वर्षं दुसऱ्यांच्या नावाखाली कपडे काढले, मीसुद्धा बदलीच आहे. मग मी का जाऊ नको?

करमाडच्या इतक्या जवळ येईन, पण तुझ्याकडे येणार नाही.

अमृता

---

(पोस्टकार्ड)

करमाड, ७ फेब्रुवारी

अमू, दहा तारखेला येऊ नकोस. त्या बायकांकडं दोरे कापायच्या कात्र्या आहेत आणि बाही उतरवायची रीत त्यांना मीच सांगितली. पंचवीस तारखेपासून मी त्यांच्यातच बसते. येऊ नकोस.

आत्या

---

छत्रपती संभाजीनगर,
१३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं कार्ड पुण्याला काल पोचलं. आईने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी घाटी दवाखान्याच्या आवारात बसले होते, तुझ्या वॉर्डाच्या खाली.

तू तिथे होतीस, पण तुला ऐकू येत नाही. जे तुझ्यापर्यंत पोचलं नसेल ते लिहिते.

टेम्पो वळला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, खाली वाका." तेवढ्यात काच फुटली. त्याच्या गालात काचा घुसल्या. मागे देवगावच्या बायका रडत होत्या, "आम्हाला नाय सांगितलं हे, आम्हाला काय बी ठावं नव्हतं." गेट उघडलं आणि आतून गोकुळभाऊंची चार माणसं सळया घेऊन धावली. सरिता पुढे होती. मी तिला ओळखत नव्हते, गालावर पट्टीचा वळ होता म्हणून कळलं. सळई तिच्या डोक्यात बसली. तो आवाज मी ऐकला. तू पुंजारामचा ऐकलास तसाच असणार. त्या आवाजाची आठवण म्हणून खांद्यावर लावायला मी लोखंडी टोपणं करून घेतली होती.

मग कुणीतरी ओरडलं, "सरी गेली! हिच्या लाल दोऱ्यापायी सरी गेली!" टेम्पोचं दार उघडून मला केसांना धरून खाली ओढलं. तोंडात माती गेली. लाथा किती बसल्या सांगता येत नाही. एक कात्री मांडीत घुसली, ती मी स्वतः उपसून काढली. त्यांना दोष देत नाही. त्या मला मारून टाकणार होत्या, आणि त्या क्षणी मलाही ते बरोबर वाटत होतं.

तेव्हा तू आलीस. तुझा आवाज तुला येत नाही, म्हणून तू काय ओरडलीस ते तुला ठाऊक नसेल. तू म्हणालीस, "माझी हाय ती. म्याच उतरवते."

कुणीतरी हसलं, "हिची तर आधीच उतरलीय की!" मी माझ्याच 'उठाव'चा नमुन्याचा शर्ट घातला होता ना, उजव्या बाहीशिवाय. तुझ्या हातात पातं होतं. मी डावा हात पुढे केला. 'सावकाश' हा शब्द तोंडात आला होता, पण तुला तो ऐकू आला नसता, म्हणून गिळला आणि डोळे मिटले.

मग पातं रस्त्यावर पडल्याचा आवाज आला. तू वाकलीस, दातांनी शिवण तोडलीस आणि हातांनी बाही ओढून काढलीस. माझ्या कातडीला नखसुद्धा लागलं नाही. तू ती बाही वर धरलीस आणि त्या बायकांचे हात थांबले. एकीने तर माझ्या तोंडावरची माती पदराने पुसली. पण गोकुळभाऊंच्या माणसाला आपला नियम माहीत नव्हता. त्याची सळई तुझ्या मनगटावर आली. तू ओरडली नाहीस, बाहीही सोडली नाहीस.

देवगावच्या बायकांनीच सरिताला टेम्पोत घेतलं आणि त्याच टेम्पोने तुला, तिला आणि मला इथे आणलं. सरिता वाचली, डोक्याला चौदा टाके पडले. मी पोलिसांकडे जबाब दिला. चौघांची आणि गोकुळभाऊंची नावं सांगितली. टेम्पो माझ्या सांगण्यावरून आला हेही सांगितलं. मुंबईला कळवलं, येत नाही. कपडे आत कुलपात आहेत, राहू देत.

काल वॉर्डात मला बघून तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. बाही तुझ्या उशाखाली होती, मी पाहिली. नियम मला माहीत आहे. मी चौदा एप्रिलला येऊ का? का तेव्हाही नको?

अमृता

---

करमाड,
१७ फेब्रुवारी २०२५

अमू,

हे अक्षर सरिताचं आहे. मी बोलतेय, ती लिहितेय. डोक्याला पट्ट्या असल्या तरी अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, नाही का? ती म्हणते, तुझं लाल भरतकाम फार किचकट होतं, डिझाइन काढणाऱ्यानं आधी स्वतः एक फूल भरून बघावं. हे तिनं स्वतःच्या मनानं लिहिलंय, मी सांगितलं नाही.

तोंड फिरवलं ते रडताना मला कुणी पाहिलेलं आवडत नाही म्हणून. तू लगेच मनाला लावून घेतलंस. तुझ्या बापाची सवय.

मनगट दोन ठिकाणी मोडलंय, प्लास्टर कोपरापर्यंत आहे. डाव्या हातानं जेवते. भात सांडतो. काल ताटाभोवती सांडलेला भात वेचताना सांडूची आठवण आली आणि ताट बाजूला सारलं. त्याला मी हे मरेपर्यंत करायला लावलं. पातं मी मुद्दाम घातलं होतं हे त्याला माहीत होतं, अमू. माझे डोळे त्यानं पाहिले होते. तरी तो पिशवी घेऊन येत राहिला, आणि संपात झालं एवढंच तुम्हाला सांगत राहिला. मला माफ करायचं होतं की त्यानं मला माफ केलं होतं, हे मला आता नीट सांगता येत नाही.

बायका अजून गेटवरच आहेत. कुलूप उघडलं की तुझ्या तीस कपड्यांना उजव्या बाह्या लावून देऊ म्हणतात, पण दिवसाउजेडी, आणि घरी जायच्या वेळेला घरी जाऊन. कार्डावर काय छापायचं ते तू ठरव. मी सांगितलेलं छापलंस तर सगळं छाप, माझ्या दोन दगडांसकट.

चौदा एप्रिलपर्यंत थांबू नकोस. मी एकाला फार थांबवलं. लगेच ये आणि येताना सांडूचा शर्ट आण, त्याच कापडी पिशवीतून. गोधडी मी उसवून ठेवलीय, बाही बाहेर काढलीय. तिचा रंग शर्टाशी जुळणार नाही आता, माझ्याकडची उन्हात कधी गेलीच नाही. प्लास्टर निघायची वाट मी बघणार नाही. डाव्या हातानं टाचीन, टाके वाकडे येतील, येऊ देत.

फक्त सुई मला ओवता येत नाही. डोळ्यांना दिसत नाही आणि एका हातानं ते जमतही नाही. ज्यानं उतरवली त्यानंच टाचायची, एवढाच आमचा नियम होता. दोरा कुणी ओवायचा यावर कुणी काही ठरवलेलं नाही. तेवढा तू ओव.

दोन्ही बाह्या लावू. सांडूची आधी.

आत्या